कोणत्या संस्थानचा महाराजा?

दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी आमच्या शाळेच्या अंगणात मुले किल्ला करतात. दगड, विटा, चिखल आणि वर पेरलेले अळीव, असा नेहमीचाच थाट. गेल्या खेपेस सिंहासनावर शिवाजीमहाराज बसले, बुरुजांवर मावळे उभे राहिले. पण महादरवाजाशी एक अनोळखी पाहुणा दिसला. लाल अंगरखा, पट्ट्यापट्ट्यांचा फेटा, मिशांचे भले मोठे आकडे, आणि छातीवर हात ठेवून कमरेत वाकलेला. कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटातून ही बाहुली आली होती. सहावीतल्या एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, हा कोणत्या संस्थानचा महाराजा?"

आमचा मुलूख औंध, सांगली, फलटण, भोर अशा संस्थानांचा, तेव्हा प्रश्न वावगा नव्हता. मी म्हणालो, "याला संस्थान नाही रे. हा एअर इंडियाचा, विमानवाला महाराजा." उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. घरी आल्यावर ते मनाला टोचत राहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

या कहाणीचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीत झाला. त्या सकाळी अठ्ठावीस वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी 'पस मॉथ' नावाचे एका इंजिनाचे चिमुकले विमान आकाशात चढवले. आत उतारू नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. वाटेत अहमदाबादेस इंधन घ्यायचे. ते आले बैलगाडीतून! तिसऱ्या प्रहरी विमान मुंबईत जुहूला उतरले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे मद्रासकडे नेले. जुहूचे ते मैदान म्हणजे समुद्रकाठची चिखलाची जमीन. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई; मग सारा संसार उचलून पुण्याला न्यावा लागे. आपल्या देशातील विमानवाहतूक अशी चिखलातून वर आली, हे मुलांना सांगण्याजोगे आहे.

१९४६ साली या टाटा एअरलाइन्सचे नाव एअर इंडिया झाले, आणि त्याच वर्षी आपला महाराजा जन्मला. त्याचे जनक दोघे: कंपनीतले बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीतले चित्रकार उमेश राव. जन्म मुंबईचाच. प्रथम तो कंपनीच्या कागदांवर उडत्या गालिच्यावर बसलेला दिसला. पुढे जाहिरातींतून जगभर हिंडू लागला. पॅरिसला गेला की रंगेल व्हायचा, जपानात गेला की सुमो पैलवान. स्वतःची थट्टा करून घेण्यात त्याला कमीपणा वाटत नसे.

आता एक तारीख पाहा. ८ मार्च १९४८. त्या दिवशी आमच्याकडची औंध, सांगली, भोर वगैरे दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. गाद्या गेल्या, रुमाल-दप्तरे मामलेदारांच्या हाती आली. आणि नेमक्या त्याच दिवशी परदेशी उड्डाणांसाठी 'एअर इंडिया इंटरनॅशनल' ही कंपनी स्थापन झाली! योगायोगच, पण खरे महाराजे पायउतार होत असताना हा चित्रातला महाराजा परदेशी निघाला, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो.

८ जून १९४८ च्या रात्री 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. आत पस्तीस उतारू. कंपनीजवळ अशी विमाने तीनच, आणि स्पर्धा इंग्रज, फ्रेंच, डच अशा बलाढ्य कंपन्यांशी. पैशाने त्यांची बरोबरी होणार नव्हती; अगत्याने होण्यासारखी होती. जे. आर. डी. स्वतः विमानात बसले की चहाच्या रंगापासून खुर्चीच्या कलापर्यंत सारे टिपून घेत आणि परतल्यावर अधिकाऱ्यांना चिठ्ठ्या धाडीत. महाराजाचे वाकणे खरे ठरत होते ते अशा चिठ्ठ्यांमुळे. १९५३ साली कंपनी सरकारी झाली, तरी अध्यक्ष तेच राहिले. १९६२ साली केवळ जेट विमाने चालवणारी जगातली पहिली विमान कंपनी असा मान तिने मिळवला.

या इतिहासात अश्रूही आहेत. ती 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर कोसळली. १९६६ साली त्याच पर्वताने 'कांचनगंगा' विमान गिळले, त्यात डॉ. होमी भाभा गेले. १९८५ साली 'कनिष्क' घातपातात बळी पडले, ३२९ माणसे गेली. आणि १२ जून २०२५ रोजी, जिथे एकदा बैलगाडीतून इंधन आले होते त्याच अहमदाबादेत, विमान उडताच कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. अशा वेळी हसरी जाहिरात मुकी होते.

उतरती कळाही लागली. १९७८ साली जे. आर. डी. यांना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. तरीही १९९० साली आखाती संकटात याच कंपनीच्या विमानांनी एक लाखाहून अधिक भारतीयांना सुखरूप घरी आणले. पुढे मात्र कर्जाचा डोंगर वाढत गेला, आणि २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटांच्या हाती आली.

१९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा मानाने मिरवणारा महाराजा उरला तो हाच. लोकशाहीत राजाचे चित्र कशाला, असे मलाही पूर्वी वाटे. आता वाटते, राजापुढे रयत वाकते, आणि हा राजा तर स्वतःच वाकलेला! त्याची पदवी तेवढी जुनी आहे, काम नवे आहे. पण म्हणूनच ते अवघडही आहे. चित्र एकदा काढले की झाले. वाकणे मात्र रोज करावे लागते. ज्या दिवशी ते नुसते चित्रात उरते, त्या दिवशी लोकांना ते बरोबर कळते.

सुट्टी संपल्यावर मी त्या मुलाला म्हणालो, "बाळ, त्याचे संस्थान म्हणजे दरवाजा. येईल त्याला आत घ्यायचे आणि सुखरूप पोचवायचे."

तो क्षणभर विचार करून म्हणाला, "म्हणजे मी त्याला बरोबर जागी ठेवला होता की, गुरुजी!"