सदरांतील उपवासकाळ

महाशिवरात्र उलटली कीं नागपुरांत ऊन चढूं लागतें, आणि बहुतेक वर्षीं त्याच सुमारास सदरांतील ख्रिस्ती घरांचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, सुरू होतो. ईस्टरचा रविवार वसंतसंपाताच्या पौर्णिमेवरून ठरतो व त्याच्या मागें, रविवार वगळून, चाळीस दिवस मोजतात. म्हणून हा मेळ बसतो. (अधिक मासामुळें कधीं महिन्याचें अंतर पडतें, ती गोष्ट वेगळी.) शेजाऱ्यापाजाऱ्यांस यांतला उपवास दिसतो, वाचन दिसत नाहीं. आम्हांस मात्र एकत्र बसून केलेलें शास्त्राध्ययन हेंच या काळाचें मूळ प्रयोजन वाटतें.

याचा दाखला चौथ्या शतकांतील यरुशलेमांत सांपडतो. बाप्तिस्मा ईस्टरच्या रात्रीं होई, आणि तो घेणाऱ्यांस आधीं शिकविणें भाग असे. बिशप सिरिल याचीं अशीं प्रवचनें आजहि उपलब्ध आहेत. त्या शतकाच्या अखेरीस तेथें गेलेली एगेरिया नांवाची यात्रेकरू स्त्री लिहिते कीं, बिशप चाळीस दिवस रोज तीन तास, उत्पत्तीच्या ग्रंथापासून आरंभ करून, प्रथम शब्दार्थ व मग आध्यात्मिक अर्थ सांगे. जुने ख्रिस्ती लोकहि ऐकावयास बसत. आपल्याकडील पुराणिकाची आठवण व्हावी असेंच हें दृश्य आहे.

सदरांत ही परंपरा दोन वाटांनीं आली. (कॅथॉलिकांचें कॅथीड्रलहि सदरांतच आहे, तो इतिहास स्वतंत्र लिहावा लागेल.) येथील ऑल सेंट्स देवालय १८५१ सालचें, म्हणजे भोसल्यांचें राज्य खालसा होण्यापूर्वींचें. इंग्रज शिपाई व अंमलदार यांच्यासाठीं तें उभारलें गेलें. १९०३ सालीं चॅटर्टन हे नागपूरचे पहिले अँग्लिकन बिशप झाले. त्यांच्या प्रार्थनापुस्तकांत लेंटमधील प्रत्येक रविवारचा पाठ नेमलेला असे. तो उपाध्यायानें वाचावा व लोकांनीं ऐकावा, एवढीच पद्धति.

दुसरी वाट स्कॉटिश मिशनची. स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले व १८६३ सालीं नागपुराजवळच त्यांचा अंत झाला. त्यांच्या पंथाच्या पूर्वजांनीं १५६० च्या सुमारासच सणवार व ठराविक उपास शास्त्रास धरून नाहींत म्हणून झुगारले होते. लेंट त्यांस ठाऊक होता, मान्य नव्हता. परंतु घरोघर रोज शास्त्रवाचन करण्याचा त्यांचा परिपाठ मोठा कडक! एकाकडे ऋतु होता, दुसऱ्याकडे अभ्यास.

एकट्याच्या वाचनाचें सामर्थ्यहि नागपूर जाणतें. नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगांवास निघाले असतां गाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. अशी माणसें थोडीं. बाकीच्यांस सोबत लागते.

पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरांतच सहा पंथांचें ऐक्य होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालें. त्याआधीं चाळीस वर्षें वाटाघाटी चालल्या होत्या. मोठा खल झाला तो बिशपपदाविषयीं व बालबाप्तिस्म्याविषयीं. परंतु ज्यांनीं लेंट पाळला होता व ज्यांनीं तो नाकारला होता, ते आतां एकाच चर्चचे झाले. आमच्या मतें हा लाभ त्या वादांच्या निकालाइतकाच मोलाचा आहे. मात्र स्कॉटिश लोकांचा अभ्यास सोडून केवळ ऋतु उचलला तर तो निम्माच पदरीं पडेल.

कारण जुन्या क्रमांत ईस्टरच्या आदल्या रविवारीं मत्तय, सोमवार-मंगळवारीं मार्क, बुधवार-गुरुवारीं लूक व शुक्रवारीं योहान, असें एकाच मृत्यूचें वृत्त चौघांच्या मुखें ऐकविलें जाई. क्रुसावरील अखेरचे उद्गार या चौघांत सारखे नाहींत. उपाध्याय वाचून गेला तर तें कानांवरून जातें. दहा माणसें सतरंजीवर बसलीं कीं कोणी तरी विचारतोच, यांतलें खरें कोणतें? मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर कबरेपाशीं गेलेल्या स्त्रिया भिऊन पळतात व कोणास कांहीं सांगत नाहींत, तेथेंच ग्रंथ थांबतो. पुढचीं बारा वचनें मागाहून जोडलेलीं आहेत असें बहुतेक पंडित मानतात. हें सांगितलें म्हणजे घटकाभर कोणी बोलत नाहीं. मग एखादी आजीबाई पान मागें उलटून तीं वचनें पुन्हा वाचावयास सांगते.