ग्रेकोतली पंगत

मिलान शहराच्या ग्रेको भागात १९३०च्या दशकातले एक नाट्यगृह बंद पडून होते. २०१५ साली मिलानला जागतिक प्रदर्शन भरले. विषय होता जगाचे पोट भरण्याचा, आणि तिथेच रोज ढिगाने अन्न उरणार हे शेफ मासिमो बोत्तुरा यांना आधीच दिसत होते. मोदेनातल्या त्यांच्या ‘ओस्तेरिया फ्रान्चेस्काना’ला तीन मिशेलिन तारे मिळालेले. ‘कारितास आम्ब्रोसियाना’ ही कॅथलिक सेवासंस्था सोबत घेऊन त्यांनी त्या नाट्यगृहात ‘रेफेत्तोरिओ आम्ब्रोसियानो’ हे जेवणघर उघडले.

आलँ द्युकास, फेरान आद्रिया, रेने रेझेपी असे साठाहून अधिक शेफ तिथे येऊन रांधून गेले. बेत आधी ठरत नसे. उरलेल्या मालात काय आले ते पाहायचे आणि चुलीला लागायचे. दुपारी शाळेची मुले जेवत, रात्री बेघर माणसे. कुणाला ताटली घेऊन रांगेत उभे करायचे नाही, टेबलाशी बसवून वाढायचे, हा तिथला रिवाज. ती टेबले नामवंत डिझायनरांनी घडवली, सजावट कलावंतांनी केली. हा खर्च कशाला, असे कुणी विचारील. मला तर तोच या कामाचा गाभा वाटतो. भुकेल्याला अन्न देणारे हात पुष्कळ असतात. त्याला पाहुणा मानणारे थोडे.

शिळ्या पावावर बोत्तुरांचा फार जीव. लहानपणी ते दुधात पाव कुस्करून, साखर घालून खात. आपल्याकडे पोळीचा कुस्करा करतात तसेच. त्या आठवणीतून पदार्थ जन्मला, ‘पाव म्हणजे सोने’. २०१७च्या त्यांच्या पुस्तकालाही हेच नाव आहे.

बोत्तुरा आणि त्यांच्या पत्नी लारा गिलमोर यांनी पुढे ‘फूड फॉर सोल’ ही संस्था उभारली. २०१६च्या ऑलिंपिकच्या वेळी रिओतल्या लापा भागात दुसरे जेवणघर निघाले, डेव्हिड हर्ट्झ यांच्या ‘गॅस्ट्रोमोटिवा’बरोबर. हर्ट्झ २००६पासून गरीब वस्त्यांतल्या तरुणांना स्वयंपाकाचे शिक्षण देत होते. त्यामुळे तिथे जेवणाच्या जोडीला हाताला कामही आले. मग २०१७ला लंडन, २०१८ला पॅरिसच्या मादलेन चर्चचे तळघर.

मिलानचे प्रदर्शन ऑक्टोबर २०१५मध्ये संपले, मोठमोठे शेफ आपापल्या गावी परतले. ग्रेकोतले जेवणघर मात्र कारितासने स्वयंसेवकांच्या बळावर चालू ठेवले. या वाटचालीतले सर्वांत मोठे यश मी त्यालाच मानतो.