रोझमीड प्लेसवरची दुपार

तारीख ९ एप्रिल १९५८. तुम्ही कोलंबोत आहात. उकाड्याने सदरा पाठीला चिकटलाय. सिंहली आणि तमिळ, दोघांचंही नववर्ष चार-पाच दिवसांवर आलंय. पण रस्त्यात तमिळ पाट्यांना डांबर फासलेलं दिसतं. तिकडे तमिळबहुल जाफन्यात तेच डांबर नंबरप्लेटवरच्या सिंहली ‘श्री’ला फासलं जातंय.

रोझमीड प्लेसवर, पंतप्रधान भंडारनायकेंच्या बंगल्याशी, अंग चोरून उभे राहा. हिरवळीवर भगव्या चीवरांतले भिक्खू ठाण मांडून बसलेत. मागणी एकच : तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी केलेला करार मोडा.

गेल्या जुलैतल्या त्या करारात होतं काय? राजभाषा सिंहलीच राहणार. उत्तर आणि पूर्व भागांत मात्र सरकारी कामकाज तमिळमध्ये आणि शेती, शिक्षण वगैरे प्रादेशिक परिषदांकडे. एवढ्यावर चेल्वनायकमांनी ठरलेला सत्याग्रह मागे घेतला. तरी विरोधी पक्षाचे जे. आर. जयवर्धने ऑक्टोबरात कराराविरुद्ध कँडीला पायी निघालेच! भंडारनायकेंचीही अडचण आहे. चोवीस तासांत सिंहलीला राजभाषा करतो, असं सांगून १९५६ ची निवडणूक त्यांनीच जिंकली होती. चढवलेल्या लोकांना आता खाली कसं उतरवणार?

करार रद्द झाल्याचं ते जाहीर करतात. भिक्खू जागचे हलत नाहीत. लेखी द्या, म्हणतात. कागद हाती पडतो, मगच उठतात. तमिळांना दिलेला शब्दही लेखीच होता, हे इथे कोणी बोलत नाही.

आता भराभर पुढे चला. मे महिना : दंगली, आणीबाणी. २५ सप्टेंबर १९५९ : याच बंगल्यात एक भिक्खू भंडारनायकेंवर गोळ्या झाडतो, दुसऱ्या दिवशी ते जातात. १९८३ : यादवी सुरू होते, ती २००९ पर्यंत. मध्येच २९ जुलै १९८७ ला कोलंबोत थांबा. राजीव गांधींबरोबर भारत-श्रीलंका करारावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष नीट पाहा. कँडीला निघालेले तेच जयवर्धने! त्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा येतात आणि तमिळही राजभाषा होते. चेल्वनायकमांनी तर राजभाषेचा दर्जा सोडूनच तडजोड केली होती.

बहुमताच्या जोरावर अल्पसंख्याकांना नकार देणं कोणालाही जमतं. लोकशाहीत नेत्याचा कस लागतो तो आपल्याच मतदारांना ‘नाही’ म्हणताना. त्या दुपारी भंडारनायके तिथेच कमी पडले.