विहिरीवरचे घड्याळ

१८७८ साली भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून एक इंग्रजी पुस्तक निघाले. लेखक विल्यम अ‍ॅडम्स हा मुंबईत सरकारी नोकरीत असलेला इंग्रज. उष्ण देशांत जळणाच्या जागी सूर्याची उष्णता कशी वापरता येईल, हा पुस्तकाचा विषय. कोळसा विलायतेहून बोटीने यायचा आणि महाग पडायचा. अ‍ॅडम्सने कुलाब्यातल्या आपल्या आवारात सपाट आरसे मांडून ऊन एका बॉयलरवर एकवटले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून लोकांना दाखवले. आपल्याकडे सौरऊर्जा कालपरवा आली असे समजणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे.

तो प्रयोग प्रयोगच राहिला. शेतीच्या पाण्यासाठी सूर्याला खऱ्या अर्थाने जुंपले ते इजिप्तमध्ये. १९१३ साली फ्रँक शुमन या अमेरिकन संशोधकाने कैरोजवळच्या मादी येथे पन्हळीसारखे पाच लांबलचक आरसे उभारले आणि नाईलचे पाणी कापसाच्या रानात चढवले, मिनिटाला सुमारे २२ हजार लिटर. वर्षभरात महायुद्ध पेटले आणि ते काम थांबले. पुढे खनिज तेल स्वस्त होत गेले, तशी सूर्याची आठवण कुणाला राहिली नाही.

ही माहिती जमवताना मी मात्र हळूहळू दुसऱ्याच प्रश्नाकडे वळलो. विहिरीतले पाणी कोणत्या वेळी काढायचे, हे कोण ठरवत आले?

मोटेच्या काळात ते बैल ठरवत. पहाटे चांदणी असतानाच मोट जुंपायची, कारण उन्हे चढली की बैल धावेवर दमतात. मोट थारोळ्यात रिकामी व्हायची, पाणी पाटाने रानात जायचे आणि तिथे घरातले कुणीतरी दारे धरून उभे असायचे. दुपारी बैल सोडले की विहिरीलाही उसंत मिळे आणि झरे तिला पुन्हा भरून काढत. मोटेची गाणी आपण हौसेने जमवली. तिच्या या हिशेबाकडे अभ्यासकांनी फारसे पाहिले नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

नंतर तेलावरचे इंजिन आले. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, पुण्याची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ ची. इंजिनाला ना ऊन लागे ना थकवा. शेतकऱ्याच्या मनाला येईल तेव्हा ते चाले, पण डिझेलचा डबा बाजारातून विकत आणावा लागे. त्यामुळे पाण्याला प्रथमच रोकड किंमत आली. माणूस मोजून मापून पाणी देई.

१९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खांब शिवारात पोचले. मीटरऐवजी मोटारीच्या अश्वशक्तीवर ठरावीक आकारणी करण्याची पद्धत पडली. म्हणजे तासभर चालवा की दिवसभर, बिल तेच. पाणी उपसण्याची किंमत पुन्हा दिसेनाशी झाली. दुसरीकडे दिवसाची आणि संध्याकाळची वीज शहरांना नि कारखान्यांना हवी होती. औष्णिक केंद्रे रात्री बंद ठेवता येत नाहीत, तेव्हाची उरलेली वीज खपवायची कुठे? शेतीपंपांवर. काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशा पाळ्या लागल्या. विहिरीवरचे घड्याळ आता उपकेंद्रात टांगले गेले.

त्याचा अर्थ मला लहानपणी घरात कळला. वडील थंडीत रात्री एकला उठून बॅटरी नि काठी घेऊन गव्हाला पाणी द्यायला निघत. काठी जमिनीवर आपटत चालायचे, सापाला चाहूल लागावी म्हणून. ते परत येईपर्यंत आई चुलीपाशी बसून राही. पुढे लोकांनी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवले. वीज येईल तेव्हा मोटार आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला, पाणी पाटातून फुटून भलतीकडेच चाललेले. त्याला शिव्या देणे सोपे आहे. रात्री एकला उठून बघावे.

आजच्या सौर योजनांकडे मी या पार्श्वभूमीवर पाहतो. २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आणली. राळेगणसिद्धी हे तिच्या पहिल्या ठिकाणांपैकी. तिच्यात गावाजवळच्या सौर प्रकल्पातून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज मिळते, पंप जुनाच राहतो. २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत मात्र पॅनेलसह स्वतंत्र पंपच शेतात उभा राहतो. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के. इथे खांबही नाही आणि बिलही नाही. रात्र संपली, ही लहान गोष्ट नव्हे, आणि या योजनांवर टीका करणाऱ्यांनी आधी ती मान्य केली पाहिजे.

पण बैलांचा थकवा, डिझेलचा डबा, उपकेंद्रातली पाळी, यांतले प्रत्येक बंधन कळत-नकळत विहिरीला थोडी विश्रांती देत होते. स्वतंत्र सौरपंपाला सूर्यास्ताखेरीज बंधन नाही. ऊन फुकट, आणि न वापरलेले ऊन वाया. मग पंप बंद कशासाठी करायचा?

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावाने याला एक उत्तर दिले आहे. तिथे २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी मंडळी काढली. शेताला पाणी देऊन उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. पंप बंद ठेवण्याचेही पैसे मिळू लागले, तेव्हा उपसलेल्या पाण्याला पुन्हा किंमत आली. साखर आणि दूध सहकारातून उभे करणाऱ्या महाराष्ट्राला ही गोष्ट शिवारात का रुजवता येऊ नये, हे मला अजून कळलेले नाही. आपल्याकडे स्वतंत्र पंपाची उरलेली वीज पॅनेलवरच विरते.

माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी सौरपंप बसवला. घरातले रात्रीचे उठणे थांबले. आई असती तर तिने पॅनेलला हळदकुंकू लावले असते. गेल्या मार्चअखेर मी गावी गेलो होतो. दुपारी दोनच्या सुमारास पाइपातून आधी गढूळ पाणी आले, मग नुसती हवा. भावाने पंप बंद केला आणि जुन्या धावेवरच्या लिंबाखाली येऊन बसला. वर लख्ख ऊन होते, अजून तीन तासांचे.