अंधाऱ्या उद्याच्या कादंबऱ्या : काय वाचावे, काय पाहावे

माडबनचा अणुऊर्जा प्रकल्प, बारसूची रिफायनरी. राजापूर तालुक्यात 'भविष्य' हा शब्द आम्ही सरकारी पत्रकांत आणि मोर्चांत सारखाच ऐकतो. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा कातळशिल्पांच्या त्या परिसरात मोठा पोलीस बंदोबस्त लागला होता. उद्याचे चित्र कोण रंगवतो आणि त्यात माणसाची जागा कुठे, हे विचारणाऱ्या कादंबऱ्यांना 'डिस्टोपियन' म्हणतात. आपल्या तरुणांनी त्या वाचायलाच हव्यात.

सुरुवात जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'ने (१९४५) करा. पुस्तक छोटे आहे, मराठी अनुवादही मिळतो. प्राणी मालकाला हाकलतात, भिंतीवर समतेचे नियम लिहितात, आणि मग डुकरे रात्रीतून एकेक नियम बदलतात. बाकीच्यांना नीट वाचता येत नाही, म्हणून ते खपते. 'शिका' हा शब्द पहिला का, ते इथे कळते. (आपल्या गटातटांची आठवण झाली तर दोष ऑर्वेलचा नाही!) १९५४ चा ॲनिमेशनपट पाहा, पण पुस्तकानंतर. त्यामागे अमेरिकन गुप्तचर संस्थेचा पैसा होता आणि शेवट बदलला गेला.

ऑर्वेलची '१९८४' जून १९४९ मध्ये आली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते की राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते. कादंबरीचा नायक जुनी वर्तमानपत्रे सत्तेच्या सोयीने पुन्हा लिहितो. बाबासाहेबांच्या नावावर व्हॉट्सॲपवर फिरणारी बनावट वाक्ये पुढे पाठवणारे आपणही तेच काम फुकटात करतो. वाक्य खंडात सापडले तरच पाठवा. मायकेल रॅडफर्डचा १९८४ सालचा चित्रपट उत्तम आहे; छळाची दृश्ये आहेत, विहारात लहान मुलांसमोर लावू नका.

रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१' मध्ये (१९५३) अग्निशामक दल पुस्तके जाळते. मग मनुस्मृतीचे काय, असा प्रश्न हमखास येतो. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला सत्ता नसलेल्यांनी आपल्याला बांधणारा कायदा उघडपणे जाळला. कुणाचे वाचन त्यांनी हिरावले नाही. कादंबरीत सत्ताच सगळ्यांची पुस्तके जाळते. आपल्याकडचे खरे साम्य 'रिडल्स'चे आहे: १९८७ मध्ये शासनाने बाबासाहेबांचा तो खंड छापला, राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठले, आणि १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. अखेर परिशिष्ट राहिले, शासनाच्या असहमतीची टीप जोडून.

या कादंबरीच्या शेवटी माणसे एकेक पुस्तक पाठ करून जिवंत ठेवतात. त्रिपिटकही श्रीलंकेत लिहिले जाईपर्यंत भाणक भिक्खूंनी असेच मुखोद्गत जपले. त्रुफोच्या १९६६ च्या चित्रपटात सुरुवातीची नामावलीसुद्धा लिहिलेली नाही, बोललेली आहे.

मार्गारेट ॲटवूडची 'द हँडमेड्स टेल' (१९८५) आणि २०१७ पासूनची तिची मालिका धर्माच्या नावाने बाईचे शरीर ताब्यात घेणाऱ्या राजवटीची आहे. मालिका पुढे लांबत जाते. पहिला भाग पुरे.

आणि आपल्या सर्वांत जवळची प्रयाग अकबर यांची 'लैला' (२०१७). शहरात जातीजमातींनी आपापल्या उंच भिंती उभारल्या आहेत, शुद्धतेचा पहारा आहे, आणि आंतरधर्मीय लग्न केलेली शालिनी हिरावलेली मुलगी शोधते. हुमा कुरेशीची २०१९ ची नेटफ्लिक्स मालिका सहाच भागांची आहे. भिंतींचे तपशील कादंबरीत जास्त बोचतात. गावकुसाबाहेरच्या वाडीत वाढलेल्यांना त्यातले बरेचसे भविष्य ओळखीचे वाटेल.