चूक पोटात घालणारे अवजार

उन्हाळा लागला की यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतील सातपुड्याच्या रानात तेंदूची पाने तोडण्याचे काम सुरू होते. तेंदू म्हणजेच टेंभुर्णी. तिच्या पानांच्या विड्या वळतात हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असते. तिची फळे खाल्लेली मुलेही वर्गात सापडतात. या टेंभुर्णीचे एक भावंड अमेरिकेत वाढते. वनस्पतिशास्त्रात दोघांचे कुळ व प्रजाती एकच, डायोस्पायरॉस. अमेरिकेत त्या झाडाला पर्सिमॉन म्हणतात. त्याचे लाकूड घट्ट, कठीण आणि धक्का सोसणारे. कापडगिरणीच्या मागावरचे धोटे त्याचे करीत असत. धोट्याला किती धक्के बसतात हे जळगाव, धुळे, अमळनेर या गिरण्यांच्या गावांत सांगायला नको. याच गुणामुळे हे लाकूड गोल्फच्या खेळात शिरले आणि विसाव्या शतकाचा बराच काळ तेथे टिकले.

गोल्फ हा काही आपल्या शाळांच्या मैदानावरचा खेळ नव्हे. तरीही त्यातील एका अवजाराचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. गोल्फमध्ये पहिला लांब टोला ज्या क्लबने मारतात त्याला ड्रायव्हर म्हणतात. आज बाजारात एकाच ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्या मिळतात. एक साधी आणि दुसरी ‘टूर’. टूर म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धांची मालिका. म्हणजे ही आवृत्ती त्या खेळाडूंसाठी घडवलेली. मग यातील चांगली कोणती? ‘मोठ्या खेळाडूंची तीच चांगली’ असे उत्तर कोणीही देईल. हे उत्तर बरोबर आहे का, ते पाहू या.

लाकडाचे दिवस

मुंबईत गोल्फ क्लब निघाला तो १८४२ साली. त्या वेळी गोल्फचा चेंडू पिसांचा असे. चामड्याच्या लहानशा पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरीत व ती शिवून टाकीत. असा चेंडू महाग पडे आणि पावसात भिजला की निकामी होई. क्लबचे डोके लांबट व निमुळते, सफरचंद, नासपती, बीच अशा झाडांच्या लाकडाचे. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलायातील एका झाडाचा वाळवलेला चीक. समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलींना याचेच आवरण असे. १८७० साली मुंबई अशाच तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. नवा चेंडू स्वस्त आणि टिकाऊ होता, पण कडक होता. त्याच्या आघाताने जुनी निमुळती डोकी फुटू लागली. डोके आखूड व जाड झाले आणि पुढे त्यासाठी पर्सिमॉनचे लाकूड पसंत पडले. दांडा हिकरी या दुसऱ्या अमेरिकी लाकडाचा असे. पोलादी दांड्याला ब्रिटनमधील नियामक संस्थेने १९२९ साली मान्यता दिली. डोके मात्र लाकडीच राहिले.

लाकडी डोके भरीव होते. म्हणून त्याचे बहुतेक वस्तुमान मध्याजवळ एकवटलेले असे. चेंडू बरोबर मध्यावर लागला तर टोला उत्तम बसे. तो बोटभर बाजूला लागला तर डोके हातात वळे, हात झिणझिणत आणि चेंडू भलतीकडे जाई. नवशिका असो की विजेता, दोघांच्या हाती हेच अवजार असे.

प्राध्यापक टेट यांचा शोध

चेंडू इतका लांब कसा जातो, हा प्रश्न एडिंबरा विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात हाती घेतला. त्यांचा मुलगा फ्रेडी हा नामांकित गोल्फपटू होता. १८९६ आणि १८९८ साली तो ब्रिटनचा हौशी विजेता ठरला. १९०० साली दक्षिण आफ्रिकेतील युद्धात तो मारला गेला. खेळाडूंची समजूत अशी की चेंडूला फिरकी असणे हा दोषच. टेट यांनी दाखवले की चेंडूला उलटी फिरकी, म्हणजे वरचा भाग मागे जाईल अशी, मिळाली तर हवा त्याला वर उचलून धरते आणि तो अधिक काळ हवेत राहतो. ड्रायव्हरचे तोंड थोडे मागे कललेले असते, त्यामुळे ही फिरकी मिळते.

पण फिरकी अति झाली तर? चेंडू उंच चढतो, पुढे जाण्याऐवजी वरच तरंगतो आणि अलीकडे पडतो. फार कमी झाली तर तो हवेत टिकतच नाही. किती फिरकी योग्य हे चेंडूच्या वेगावर अवलंबून असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; दोन आवृत्त्यांतील निम्मा फरक हिच्यातच आहे.

पोकळ डोके

१९७९ साली अमेरिकेत गॅरी ॲडम्स यांनी पोलादाच्या पोकळ डोक्याचा ड्रायव्हर विक्रीस आणला. लोकांनी त्याला ‘पिट्सबर्गचे पर्सिमॉन’ म्हटले, कारण पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. १९९१ साली कॅलवे कंपनीचा ‘बिग बर्था’ आला. त्याचे डोके सुमारे १९० घन सेंटिमीटरचे होते व तेव्हा ते अवाढव्य वाटले. १९९५ च्या सुमारास टायटॅनियम आले. टायटॅनियम पोलादापेक्षा बरेच हलके आणि मजबूत. तेवढ्याच वजनात डोके आणखी फुगवता येऊ लागले.

फुगवल्याने काय साधले? वस्तुमान मध्यापासून दूर, कडेला गेले. वस्तूला तिच्या अक्षाभोवती वळवणे किती कठीण आहे हे जी राशी सांगते तिला जडत्व आघूर्ण म्हणतात. वस्तुमान तेवढेच असले तरी ते अक्षापासून जितके दूर, तितके आघूर्ण मोठे. बैलगाडीच्या चाकाची जड धाव कडेला असते, तसेच हे. आघूर्ण मोठे असले की बाजूला बसलेल्या टोल्याने डोके कमी वळते.

थोडा हिशेब करू. डोके २०० ग्रॅम, चेंडू ४६ ग्रॅम आणि उसळीचा गुणांक ०.८३ धरा. टोला मध्यावर बसला तर चेंडूचा वेग = डोक्याचा वेग × (१ + ०.८३) ÷ (१ + ४६/२००), म्हणजे डोक्याच्या वेगाच्या १.४९ पट. आता टोला मध्यापासून २ सेंटिमीटर बाजूला बसला असे समजा. डोके वळते, म्हणून ते हलके असल्यासारखे वागते. त्याचे परिणामी वस्तुमान = २०० ÷ (१ + २०० × २² ÷ आघूर्ण). आघूर्ण लाकडी डोक्यासाठी २०००, टूर आवृत्तीसाठी ४००० आणि साध्या आवृत्तीसाठी ५००० ग्रॅम-सेंमी² धरले, तर चेंडूच्या वेगातील घट अनुक्रमे सुमारे ७, ३.६ आणि २.९ टक्के येते. अकरावी-बारावीच्या मुलांकडून हा हिशेब अवश्य करून घ्यावा. लाकडापासून आजवर पडलेली मजल मोठी आहे; दोन आवृत्त्यांमधील अंतर त्या मानाने लहान आहे. वेगापेक्षा दिशेतला फरक खेळाडूला अधिक जाणवतो.

ही सवलत इतकी वाढली की नियामक संस्थांना तिला आवर घालावा लागला. १९९८ पासून अमेरिकेत उसळीवर मर्यादा आली. २००४ पासून डोके ४६० घन सेंटिमीटरपेक्षा मोठे चालेना. त्यानंतर जडत्व आघूर्णालाही ५९०० ग्रॅम-सेंमी² ची मर्यादा घातली गेली. अवजाराने माणसाची चूक किती सोसावी, याचाच हा नियम झाला!

दोन आवृत्त्या

आता मूळ प्रश्नाकडे वळू. साध्या आवृत्तीत वजन मागे व कडेला ठेवलेले असते. डोके कमी वळते, चेंडू सहज उंच उठतो आणि त्याला फिरकीही थोडी अधिक मिळते. टूर आवृत्तीचे डोके बहुधा थोडे लहान असते व वजन पुढे, तोंडाजवळ असते. त्यामुळे फिरकी कमी मिळते आणि मुद्दाम डावीकडे-उजवीकडे वळणारा टोला मारणे सोपे जाते. किंमत अशी की बाजूला बसलेला टोला ती कमी माफ करते.

व्यावसायिक खेळाडूच्या डोक्याचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास असतो. त्याला फिरकी जास्त होण्याची भीती, म्हणून ती घटवणे त्याच्या फायद्याचे. हौशी खेळाडूचा वेग ४० मीटरच्या आसपास. त्याने तीच टूर आवृत्ती घेतली तर चेंडूला आधीच कमी असलेली उचल आणखी घटते आणि तो अलीकडे पडतो. म्हणजे ‘वरच्या दर्जाचे’ अवजार त्याच्या हाती खरोखरच कमी अंतर देऊ शकते. उलट आज अनेक व्यावसायिक खेळाडूही मोठ्या आघूर्णाची, क्षमाशील आवृत्तीच वापरतात. तेव्हा या दोन आवृत्त्या वर-खाली नाहीत, दोन वेगळ्या गरजांसाठी आहेत.

येथे एक आक्षेप येतो आणि तो शिक्षकाने टाळू नये. अवजाराने चूक पोटात घातली तर शिकणाऱ्याला ती कळणार कशी? लाकडी ड्रायव्हर हाताला झिणझिण्या आणून चूक लगेच सांगे. आक्षेप खरा आहे. पण चुकीची शिक्षा कमी करणे आणि चूक लपवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हरच्या तोंडावर खडूची पूड लावून दहा टोले मारले की चेंडू कोठे कोठे लागला याचे ठसे दिसतात. ठसे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडत असतील आणि टोल्याला वेगही असेल, तर टूर आवृत्तीचा विचार करावा. ते तळहातभर पसरले असतील तर साधीच घ्यावी आणि ठसे जवळ आणण्याचा सराव करावा.

वर्गात करून पाहा

गोल्फचा क्लब शाळेत नसला तरी हे तत्त्व दाखवता येते. पोळ्याला बैल करतो ती माती घ्या. एका फूटपट्टीच्या मध्याजवळ, दोन्ही बाजूंना मातीचा एकेक गोळा चिकटवा आणि पट्टी मधोमध दोऱ्याने आडवी टांगा. तशाच दुसऱ्या पट्टीला तेवढेच गोळे दोन्ही टोकांना लावा. दोन्ही पट्ट्यांच्या टोकाला सारखी टिचकी मारा. कोणती भरकन फिरते? वजन तेवढेच असताना असे का? मग मुलांना मैदानावर नेऊन विटी-दांडू खेळू द्या. विटी दांडूच्या कोणत्या जागी लागली की हात झिणझिणत नाही, ती जागा शोधून तेथे खडूने खूण करायला सांगा.

शेवटी एक विनंती. सचिन तेंडुलकर जड बॅटने खेळत असे ऐकून तशीच बॅट मागणारा मुलगा प्रत्येक शाळेत असतो. त्याच्या खांद्याला ती पेलत नाही, टोला उशिरा बसतो आणि ‘मला खेळता येत नाही’ असे तो ठरवून टाकतो. त्याला नाही म्हणण्याऐवजी खडू द्या. दोन्ही बॅटींवर चेंडूचे ठसे घेऊन तो स्वतःच निवड करील.