अंगावर खादी, गल्ल्यावर टेरीकॉट

३० नोव्हेंबर २०१९ ला मुंबईतल्या एका पुरस्कार समारंभात बजाज ऑटोचे राहुल बजाज उभे राहिले आणि गृहमंत्री अमित शहांच्या तोंडावर म्हणाले, की तुमच्यावर टीका करायला उद्योगपतींना भीती वाटते. लगेच कौतुक सुरू झालं आणि शिव्याही. त्या आठवड्यात नांदेडला आमच्या घरी हाच विषय होता. पुतण्याला गाडी घ्यायची होती, त्याच कंपनीची. कोणी तरी म्हणालं, ‘अशा माणसाची गाडी घ्यायची का?’ पुतण्या म्हणाला, ‘काकू, ॲव्हरेज सत्तरचं देते.’ चर्चा संपली.

मला हसू आलं, कारण या घराण्याला उघड राजकारण नवं नाही. राहुल बजाजांचे आजोबा जमनालाल हे वर्ध्याचे कापसाचे मोठे व्यापारी. इंग्रजांनी दिलेली रायबहादूरकी त्यांनी १९२१ साली परत केली. काँग्रेसची तिजोरी त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली, अखिल भारत चरखा संघाचं काम अंगावर घेतलं. १९२८ साली वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांना खुलं केलं, तेव्हा जातभाईंचा रोषही पत्करला. सरकार नाराज होण्यापेक्षा जात नाराज होणं व्यापाऱ्याला जास्त महाग पडतं, कारण सोयरीक आणि हुंडी दोन्ही जातीतच फिरत असतात.

वर्धा इंग्रजांच्या मुलखात होतं, आमचा मराठवाडा निजामाचा. १९२९ साली निघालेल्या गश्ती निशान ५३ या परिपत्रकानुसार सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागायची. काँग्रेस हे नाव तर १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस धड उभी राहण्याआधीच बेकायदा ठरलं. अशा निर्बंधांमुळे लोक आधीपासूनच ‘महाराष्ट्र परिषद’ या सोज्वळ नावाखाली जमायचे: १९३७ ला परतूरला, १९३८ ला लातूरला, १९४१ ला उमरीला. जिथे भाषणावर असा पहारा, तिथे दुकानदाराच्या डोक्यावरची पांढरी टोपी पुरेशी बोलकी होती. उदगीरला त्यात आर्य समाजाची भर. वकील भाई श्यामलाल उदगीरचे. १९३८ साली बिदरच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला, आणि त्यांच्या नावाची शाळा आजही गावात आहे. अशा गावात आजोबांचं कापडाचं दुकान होतं. पुढे ते वडिलांकडे आलं.

वडील आयुष्यभर खादी ल्यायले. दुकानात मात्र मिलचं कापड. सत्तरच्या दशकात टेरीकॉट आलं तेव्हा तर ताग्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेल्या. गादीवर मांडी घालून बसलेला हा खादीधारी माणूस गिऱ्हाइकापुढे टेरीकॉटचा तागा फेकायचा, कापड झर्रकन उलगडायचं, आणि मग तो लोखंडी गज घेऊन मोजायला लागायचा. देवणीकडचा एक शेतकरी एकदा म्हणाला, ‘सावकार, तुमच्या अंगावर हाय ते दाखवा की.’ वडिलांनी त्याला खादी भांडाराचा रस्ता दाखवला. तासाभराने तो परत आला. ‘तिथं उधार देत न्हाईत,’ म्हणाला, आणि दोन शर्टांचं टेरीकॉट वहीत मांडून घेऊन गेला.

या बाजाराचा सगळा इतिहास मला त्या एका वाक्यात दिसतो. पुढाऱ्यांच्या आठवणींत खादीची त्यागकथा असते, उधारीचं पान नसतं. आमच्याकडे पेरणीला घेतलेलं कापड सुगीला फिटायचं, आणि लग्नाचा बस्ता कधी कधी पुढच्या दिवाळीला. वहीत नाव असलेला माणूस दुकानदाराच्या मतांवर रुसून जाणार कुठे? आधी मागची बाकी चुकती करावी लागायची. आणि ज्याची बाकी बाहेर अडकलीय असा दुकानदार तरी गिऱ्हाइकाच्या झेंड्याचा रंग कशाला बघेल? दोघंही एकमेकांना बांधलेले. बहिष्कार घालणं हे रोखीने घेणाऱ्याचं काम आहे.

आणीबाणीत हे अगदी जवळून पाहिलं. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण नांदेडचे, त्यामुळे मराठवाड्यात काँग्रेसविरुद्ध बोलणं म्हणजे घरच्याविरुद्ध बोलण्यासारखं होतं. वडील तरीही दुकानात बसून बोलायचे, तेही खादी घालून, याचा काँग्रेसवाल्यांना जास्त राग. दोन-तीन मोठ्या घरांनी येणं बंद केलं. घरांची नावं सांगत नाही, त्यांची नातवंडं आमची चांगली ओळखीची आहेत. १९७७ च्या मार्चमध्ये नांदेडहून केशवराव धोंडगे आणि लातूरहून उद्धवराव पाटील निवडून आले, दोघेही शेतकरी कामगार पक्षाचे. उन्हाळ्यात लग्नसराई लागली आणि त्याच घरांतली बायकामाणसं बस्ता बांधायला आमच्याच ओट्यावर. आईने चहा केला. राजकारणाचा शब्द कोणी काढला नाही. नऊवारी, धोतरजोड्या, मानपानाची लुगडी, सगळं जुन्या खात्यावर लिहिलं गेलं.

खादी भांडाराला ही सोय नव्हती. त्याचं मत हाच त्याचा माल. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती १९६७ साली नांदेडला उभी राहिली ती निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या पुढाकाराने. स्वामीजी एके काळी ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत होते. पोट कशावर चालतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांच्या मनातली खादी म्हणजे सूत कातणाऱ्या बाईच्या हाती पडणारी मजुरी. गिऱ्हाइकाच्या मनात मात्र खादी म्हणजे पुढाऱ्याचा कपडा, आणि पुढारी मनातून उतरला की कपडाही उतरला. १९७२ साली स्वामीजी गेले. त्यानंतर मी भांडारात गर्दी पाहिली ती २ ऑक्टोबरची सूट लागल्यावर.

तरीही समिती टिकली, ती राष्ट्रध्वजामुळे. ध्वज हातमागावरच्या खादीचाच हवा, असा तेव्हा नियम होता. उदगीरला त्याचं कापड विणलं जातं, अहमदाबादला जाऊन रंगून येतं आणि नांदेडला त्याचे ध्वज शिवले जातात. माझी एक मैत्रीण काही वर्षं तिथे शिवणकामाला होती. तिच्याकडून कळलं ते असं: आकार नऊ, सगळ्यांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यांत छोटा १५० बाय १००. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, सुताइतकाही फरक चालत नाही. दोरी जाते त्या बाजूची पट्टी जाडसर खादीची, बाकीचं कापड वेगळं. चक्राचे २४ आरे दोन्ही अंगांना तंतोतंत एकावर एक यायला हवेत, नाही तर नग बाद. इतका काटेकोरपणा आमच्या दुकानात कोणी बस्त्यालाही केला नव्हता.

आता या मालाचं गिऱ्हाईक कोण? तहसील, जिल्हा परिषद, कोर्ट, पोलीस ठाणं. म्हणजे सरकार. जी खादी सरकारला नको म्हणण्यासाठी जन्माला आली ती सरकारी खरेदीवर जगू लागली. मला यात लाजिरवाणं काही वाटत नाही, पण नियमावर उभा असलेला धंदा नियम बदलला की हलतो. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहिता बदलली. यंत्रावरचा आणि पॉलिस्टरचा ध्वजही चालेल असं ठरलं. पुढच्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ आलं. असेच ध्वज बनवणाऱ्या हुबळीच्या खादी संघाने उघड विरोध केला, कारण हातमागावरचं कापड यंत्राच्या किमतीला उतरणं शक्यच नव्हतं.

गिऱ्हाइकांनी काय केलं? त्या ऑगस्टमध्ये पुतण्याने आपल्या दुकानात पॉलिस्टरचे झेंडे ठेवले होते. मी दोन दिवस मुद्दाम गल्ल्याजवळ बसले. एकीकडे फोनवर कुठल्या कंपनीच्या मालकाने काय म्हटलं यावरून ‘हे घेऊ नका, ते घेऊ नका’ चाललेलं, आणि समोर झेंडे खपत होते. आता उधारीची वहीही नाही, सगळे पैसे तिथल्या तिथे फोनवरून. म्हणजे रागावून शेजारच्या दुकानात जायला कोणाला कसलीच अडचण नव्हती. तरी कापड कुठलं हे दोन दिवसांत एकानेच विचारलं, तोही निवृत्त मास्तर. त्याला मी समितीच्या भांडाराचा पत्ता दिला. बाकीच्यांनी विचारलं ते एवढंच, की काठी सोबत मिळते का.